टाइप बी डिसेक्शन: पहिल्याच दिवशी स्टेंट ग्राफ्ट कशाला?

शल्यक: "महाधमनीत टाइप बी चीर दिसली की त्याच दिवशी ग्राफ्ट टाकून मोकळं व्हा," असं काल एकाने इथे लिहिलं. वाचून डोकं तडकलं. टाइप बी म्हणजे महाधमनीचं आतलं अस्तर डाव्या हाताच्या फांदीच्या पुढे, खाली उतरणाऱ्या भागात फाटणं; ग्राफ्ट म्हणजे आतून बसवायची, जाळीने ताठ ठेवलेली कापडी नळी. धमनी फुटतेय, आतड्याचं किंवा पायाचं रक्त तुटलंय, तर ग्राफ्ट लगेच, त्यात वादच नाही. पण गुंतागुंत नसेल तर आधी दुखणं थांबवा, एस्मोलोल किंवा लॅबेटॅलॉलने नाडी 60 च्या खाली आणि वरचा दाब 100 ते 120 वर आणा. नाडी आवरण्याआधी नुसतं नायट्रोप्रुसाइड (रक्तवाहिन्या सैल करून दाब उतरवणारं औषध) चालू केलं तर हृदय आणखी जोराने ठोकतं आणि चीर पुढे सरकते. 'इन्स्टेड' चाचणीत (औषधांसोबत ग्राफ्ट विरुद्ध नुसती औषधं) 140 रुग्ण होते. दोन वर्षांनी जगण्यात ग्राफ्टचा फायदा दिसला नाही.

कॅथलॅबकर: अर्धंच सांगितलंत! त्याच रुग्णांचा पाच वर्षांचा हिशेब 2013 मध्ये आला. महाधमनीमुळे मृत्यू ग्राफ्ट घातलेल्यांत 6.9 टक्के, नुसत्या औषधांवर 19.3. गोळीने दाब उतरतो, चीर बुजत नाही. फॉल्स ल्युमेन, म्हणजे चिरेतून भिंतीत तयार झालेला खोटा मार्ग, भरतच राहतो. तो 22 मिमीच्या वर, चीर 10 मिमीच्या वर, मग वाट कशाची बघायची?

शल्यक: एकूण मृत्यूंचा आकडा का गाळला? 11.1 विरुद्ध 19.3, आणि तो फरक संख्याशास्त्राने सिद्ध झाला नाही. शिवाय ते रुग्ण चीर पडून दोन आठवडे उलटल्यावरच घेतले होते. त्यातून 'पहिला दिवस' कुठून काढलात?

भूलवाला: तुम्ही दोघं आकड्यांवर भांडताय, माझं दुखणं डावी सबक्लेवियन, डाव्या हाताला रक्त नेणारी फांदी. ग्राफ्टला वर किमान 20 मिमी धड भिंत लागते आणि चीर बहुधा त्या फांदीच्या लगेच खाली असते. मग ती सर्रास झाकतात. मज्जारज्जूला तिथूनही रक्त जातं. डाव्या मॅमरीवर (तिच्यातूनच निघणारी छातीतली धमनी) हृदयाचा बायपास झालेला असेल तर हृदयाचंही रक्त तोडता. आधी कॅरोटिड-सबक्लेवियन बायपास करा ना, गळ्यातल्या धमनीतून त्या फांदीला रक्त द्या!

कॅथलॅबकर: छातीत रक्त साचत असताना गळा उघडत बसू?

भूलवाला: तेव्हा नका. पण बाकीच्यांत घाई कसली? आणि झाकलीच तर नंतर सरासरी दाब 90 च्या खाली जाऊ देऊ नका, दर तासाला दोन्ही पाय उचलायला सांगा. पाय ढिले पडले की दाब वाढवा, पाठीतून ड्रेन घाला. मज्जारज्जूभोवतीचं पाणी तासाला 10-15 मिलीच काढा. भराभर काढलंत तर मेंदूभोवती रक्तस्राव होतो.

फिल्मवाचक: सबक्लेवियनवर एवढं चाललंय, मापाचं कुणीच बोलत नाही. धमनीच्या फुगवट्याला चालणारं 20 टक्के मोठं ग्राफ्टचं माप फाटलेल्या भिंतीत घालू नका, 10 च्या आत ठेवा. वरच्या टोकाला ग्राफ्ट दाबून बसवणारा फुगाही नको. नाहीतर चीर उलटी चढून टाइप ए होते, म्हणजे हृदयाजवळच्या भागात पोचते. खाली खरा मार्ग चिंचोळा असतो, तिथे सरळ रुंद ग्राफ्टचं टोक पडद्यात (खऱ्या-खोट्या मार्गांमधल्या सुटलेल्या अस्तरात) रुततं आणि नवी चीर पाडतं. म्हणून सीटी एक, सहा, बारा महिन्यांनी, पुढे दरवर्षी. रिपोर्टमध्ये नुसतं 'ग्राफ्ट जागेवर' लिहून भागत नाही, दर वेळी त्याच पातळीचा व्यास हवा.

कॅथलॅबकर: बरं, पहिल्या दिवसाचा हट्ट सोडला. पण मघाशी सांगितलेली धोक्याची मापं असतील तर दोन आठवड्यांनंतर, तीन महिन्यांच्या आत ग्राफ्ट. पडदा कडक झाल्यावर धमनी पूर्वपदावर येत नाही.

शल्यक: एवढं मान्य. सबक्लेवियन चालू ठेवून.