कागद कुजतो, पण कोठे?
कागदी पिशवी कुठेही टाकली तरी महिन्याभरात तिची माती होते, हे विधान मला अपुरे वाटते. बुरशी व जिवाणू कागदातील सेल्युलोज खातात खरे, परंतु त्यांना ओलावा आणि हवा लागते. नागपुरातील भांडेवाडीच्या कचरा डेपोसारख्या ठिकाणी ढिगाऱ्यात खोल दबलेला कागद प्राणवायूअभावी फार सावकाश कुजतो आणि त्यातून मिथेन निघतो. पॉलिथिनचे दुखणे याहून वेगळे आहे. गेल्या मे महिन्यात गच्चीच्या कठड्याला बांधलेली जुनी पिशवी सोडवू गेलो, तर बोटांतच तिचा चुरा झाला. आपल्या नागपुरी उन्हातील अतिनील किरणांनी तिच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडल्या होत्या, तरी तो चुरा प्लास्टिकच होता, आणि असाच चुरा पहिल्या पावसात नाल्यांतून नाग नदीत जातो, याची मला मनापासून काळजी वाटते.