जिप्सीत इंजिन बदललं, आता पॉवर स्टिअरिंग वेगानुसार हलकं-जड कसं करायचं?

जिप्सी_कोथरूड:
नमस्कार मंडळी. जिप्सीत १३०० सीसीचं डिझेल इंजिन बसवलंय (आरसीवर नोंद झाली आहे). स्टिअरिंगला वॅगनआरचा इलेक्ट्रिक कॉलम (मोटरने मदत करणारा स्टिअरिंगचा दांडा) घातलाय. पेठांच्या गल्ल्यांत झकास फिरतं. पण कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना, ८० च्या वेगाला, इतकं हलकं लागतं की भीती वाटते. कॉलमला बॅटरी, इग्निशन आणि आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) मिळतंय, वेगाची वायर मोकळीच आहे. मेकॅनिक म्हणतो नॉब बसवू, हवं तसं कमी-जास्त करा. बसवू का? आणि सामान कुठे मिळेल?

तारजोड:
नॉब टॉर्क सेन्सरच्या वायरींत घुसवणार असतील तर स्पष्ट नाही म्हणा. तुम्ही कुठल्या बाजूला किती जोर लावताय, हे तो सेन्सर मोटरला सांगतो. तिथला व्होल्टेज हलला तर मोटर आपणहून एका बाजूला ओढू शकते.

कंट्रोलरला (मोटर चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याला) वेगानुसार मदत कमी करायचं आधीच शिकवलेलं असतं, त्याला फक्त वेग कळत नाहीये. तो द्या. ट्रान्सफर केसमधून (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्समधून) जिथे स्पीडोमीटरची केबल निघते तिथे एका फेऱ्याला चार पल्स (विजेचे ठोके) देणारा हॉल सेन्सर (चुंबकावरून फेरे ओळखणारा) बसवा. जपानी मापाप्रमाणे ६० च्या वेगाला केबलचे मिनिटाला ६३७ फेरे होतात, म्हणजे सेकंदाला साधारण ४२ पल्स. वायर जोडण्याआधी तुमच्या कॉलमला हेच माप लागतं का, ते त्याच्या वायरिंग डायग्राममध्ये बघा. काही नवे कॉलम वेग कॅनवरून (गाडीतल्या कंट्रोलरना जोडणाऱ्या डेटा वायरवरून) घेतात, त्यांना नुसत्या पल्स चालत नाहीत.

मावळ४बाय४:
दादा, टायर कोणते आहेत? मूळ २०५/७० आर१५ च्या जागी २३५/७५ असतील तर घेर दहा टक्क्यांच्या आसपास वाढतो. गाडी ६० ला असताना सेन्सर ५५ सांगेल आणि स्टिअरिंग हवं त्यापेक्षा हलकं राहील.

त्याआधी एक करा. मोकळ्या रस्त्यावर, सकाळी लवकर, गाडी थांबवून कॉलमचा फ्यूज काढा आणि बेताच्या वेगात चालवा. तरीही गाडी भरकटली तर दोष मोटरचा नाही. लिफ्ट किटने (गाडी उंच करणाऱ्या सामानाने) कॅस्टर, म्हणजे चाक सरळ ठेवणारा पुढच्या चाकांचा कल, कमी झाला असेल, नाहीतर स्टिअरिंग बॉक्समध्ये प्ले (ढिलेपणा) असेल. मग वायरिंगवर कितीही खर्च केला तरी उपयोग नाही.

जिप्सी_कोथरूड:
टायर २३५ चेच आहेत, लिफ्टही आहे. फ्यूज काढून बघतो. सेन्सर लावल्यावर फॅक्टरीपेक्षा थोडं जड हवं असेल तर?

तारजोड:
सेन्सर आणि कंट्रोलरच्या मध्ये आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) घाला. आलेल्या पल्सना १.१ ने गुणून पुढे पाठवलं की टायरचा फरक भरून निघतो, १.३ ने गुणलं की आणखी जड. नॉब हवाच असेल तर तो या आकड्याला लावा आणि १ च्या खाली जाऊच देऊ नका. बदल हळूहळू होऊ दे, वळणात मध्येच चाक जड झालं तर हात चुकतो. आणि सेन्सरची वायर तुटली तर? आरपीएम २५०० च्या वर आणि पल्स शून्य, असं काही वेळ टिकलं तर आर्डुइनोने ६० चा वेग पाठवावा. बिघाडात स्टिअरिंग जड झालेलं परवडतं, हलकं झालेलं नाही.

नॅनो आणि हॉल सेन्सर तपकीर गल्लीत किंवा पासोड्या विठोबाच्या आसपास मिळतील. वायरिंगला मात्र ऑसिलोस्कोप (सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) वापरणारा ऑटो इलेक्ट्रिशियनच शोधा, टेस्ट लॅम्पवर हे काम होत नाही.

मावळ४बाय४:
मोटर कॉलमवर आहे, म्हणजे तिचा सगळा जोर खालच्या शाफ्टमधून आणि युनिव्हर्सल जॉइंटमधून (शाफ्टचे कोनात फिरणारे सांधे) जातो. जिप्सीचे जुने जॉइंट त्यासाठी बनलेले नाहीत. सिंहगड घाटात न्यायच्या आधी ते बदला.

जिप्सी_कोथरूड:
मग जॉइंट आधी. नाना पेठेत चौकशी करतो, अलाइनमेंटवाल्याकडून कॅस्टरचा आकडा घेऊन इथेच टाकतो.