स्प्लिट स्टेप कशी शिकवू? मदत हवी आहे
नमस्कार मंडळी. आम्ही मालवणजवळ राहतो. लेक 10 वर्षांची, टेनिसचं भारी वेड. जवळ कोर्ट नाही, म्हणून खळ्यातच दोरी बांधलीय. मधोमध उंची नेटइतकीच, 91 सेंटिमीटर. फोरहँड छान बसलाय. अडतंय ते पायांत. समोरचा खेळाडू चेंडू मारतो त्याच क्षणी छोटी उडी घेऊन दोन्ही पायांवर उतरायचं, ती स्प्लिट स्टेप तिला जमतच नाही. उडी उशिरा पडते, मग बॅकहँडला ती चेंडूच्या फार जवळ जाते. हिरव्या ठिपक्याचे, जरा हळू जाणारे चेंडू आणले, थोडा फरक पडला. पाऊस लागला की पडवीच उरते. तिथे पायांसाठी काय करून घेऊ? आणि सर्व्हिसला कॉन्टिनेंटल ग्रिप, म्हणजे हातोडा धरतो तशी रॅकेटची पकड, आत्ताच लावू की थांबू? मुलांना शिकवलेल्यांनी जरूर सांगा.