लेक ऑफ बेज टाउनशिप : तळ्याकाठी घर घेण्यापूर्वी कोणते काम कोणाकडे असते?

काठावरचा:
कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताच्या मस्कोका भागात, लेक ऑफ बेज टाउनशिपमध्ये (टाउनशिप म्हणजे येथे गृहसंकुल नव्हे, तर अनेक गावांची मिळून असलेली स्थानिक स्वराज्य संस्था) तळ्याकाठी घर घेण्याचा आमचा विचार आहे. ड्वाइट, बेजव्हिल, डॉर्सेट या गावांना स्वतंत्र नगरपालिका आहे का? रस्ते, पाणी, पोलीस या सेवा कोण देते? आम्ही तेथे वर्षभर राहणार नाही. तरीही स्थानिक निवडणुकीत मत देता येईल का? जाणकारांनी कृपया सांगावे.

हिमवाट:
या गावांना स्वतंत्र नगरपालिका नाही. टाउनशिपची एकच निवडून आलेली परिषद आहे आणि तिचे कार्यालय ड्वाइटला आहे. डॉर्सेटमध्ये घर पाहत असाल तर मात्र जपून, कारण त्या गावातून सीमा जाते आणि पलीकडचा भाग शेजारच्या हॅलिबर्टन काउंटीतील अल्गोन्क्विन हायलंड्स या दुसऱ्या टाउनशिपमध्ये येतो. टाउनशिपच्या वर 1971 मध्ये स्थापन झालेली मस्कोका जिल्हा नगरपालिका आहे. मुख्य रस्ते, कचरा, रुग्णवाहिका, आणि जेथे सार्वजनिक व्यवस्था आहे तेथे पाणी व मलनिस्सारण ही कामे जिल्ह्याकडे असतात. स्थानिक रस्ते, बांधकाम परवाने आणि ग्रंथालये टाउनशिप पाहते, तर पोलीस प्रांताचे असतात. तळ्याकाठच्या बहुतेक घरांना नळाचे पाणी नसते. विहीर किंवा तळ्याचे पाणी शुद्ध करून वापरावे लागते, आणि सांडपाण्यासाठी स्वतःची सेप्टिक टाकी लागते.

जुना खुंट:
माझ्या मते खरी मेख रस्त्यात आहे. अनेक घरांकडे जाणारे रस्ते खाजगी असतात आणि त्यांवरचा बर्फ टाउनशिप काढत नाही. तो खर्च रहिवाशांनीच आपसांत वाटून घ्यायचा असतो. हिवाळ्यात जाणार असाल तर ही चौकशी आधी करावी, निसर्गशोभा नंतर पाहावी. दुसरी बाब अशी की, जुन्या सर्वेक्षणात अनेक तळ्यांच्या काठाने 66 फूट, म्हणजे सुमारे 20 मीटर, रुंदीची पट्टी रस्त्यासाठी राखून ठेवलेली होती. ही पट्टी विक्रेत्याने टाउनशिपकडून विकत घेतलेली नसेल, तर घर आणि पाणी यांच्यामधली जमीन तुमच्या मालकीची होत नाही, मग तुमचे नावघर, म्हणजे होडी ठेवण्याची जागा, तिच्यावर उभे असले तरी. हे वकिलाकडून तपासून घ्यावे.

काठावरचा:
मनःपूर्वक आभार. मतदान आणि कर यांबद्दलही कोणी सांगितले तर बरे होईल.

हिमवाट:
कॅनडाचे नागरिक असलेले आणि 18 वर्षे पूर्ण झालेले मालक, भाडेकरू व त्यांचे जोडीदार यांना अन्यत्र राहत असूनही मत देता येते. घर कंपनीच्या नावावर घेतले, तर त्या मालकीच्या आधारे हा हक्क मिळत नाही. निवडणूक दर 4 वर्षांनी होते. 2022 नंतरची 26 ऑक्टोबर 2026 रोजी आहे. करबिल टाउनशिपकडूनच येते, परंतु त्यात टाउनशिप, जिल्हा आणि शिक्षण असे तीन वाटे असतात. म्हणून कर वाढला तर आधी कोणता वाटा वाढला ते पाहावे, आणि मगच तक्रार कोणाकडे करायची ते ठरवावे.