बाल्कनीत पहिला पाट: कोणती हत्यारं घेऊ?

अवनी: सुतारकाम शिकायचंय. गणपतीच्या आधी बसायचा एक पाट स्वतःच्या हाताने करायचा आहे. हत्यारांचा मोठा संच मागवू का?

रंधा_करवत: संच नको, अवनीताई. करवत, लोखंडी रंधा, एक इंची पटाशी (लाकूड कोरायची छिन्नी), गुण्या (काटकोन बघायचा), हातोडी, ड्रिल आणि धारेचा दगड, एवढं बास. फळी सागाची, १८ बाय १२ इंच, इंचभर जाड. खाली दीड इंच उंचीच्या दोन आडपट्ट्या.

गुण्या दुकानातच तपासा. फळीच्या सरळ कडेला टेकवून रेघ मारा, मग उलटा करून त्याच जागी दुसरी. रेघा फाकल्या तर तो गुण्या घेऊ नका. पटाशीला आणि रंध्याच्या पात्याला घरी आणल्याबरोबर धार लावा. नव्याची धार कामाची नसते, आणि बोथट पटाशीला जोर लावावा लागतो म्हणूनच ती हातात घुसते.

करवत रेघेवर नाही, रेघेच्या बाहेर चालवा. रंधा मारताना लाकूड उपटायला लागलं की फळी फिरवा. आडव्या टोकांना मात्र दोन्ही कडांकडून मध्याकडे या, नाहीतर कड फुटते. पट्ट्यांसाठी दोन सूत (पाव इंच) खोल खाच: आधी करवतीने दोन्ही कडा, मग पटाशीने मधलं काढा. नवशिक्याला पाट करायला सांगतो तो या खाचेसाठीच. पट्टी तिच्यात घट्ट बसली की हात बसला.

अवनी: पट्ट्या फेव्हिकॉलने चिकटवल्या तर?

रंधा_करवत: नका. पावसाळ्यात फळी रुंदीत फुगते, उन्हाळ्यात आकसते. पट्टीची लांबी जवळपास तेवढीच राहते. डिंकाने जखडलं की फळी चिरते. फक्त दोन इंची स्क्रू, पट्टीतून वर. मधलं भोक नेमकं, कडेची दोन फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट. वर पाव इंच लाकूड शिल्लक राहतं, टोक बाहेर येत नाही.

देवगडकर: आमच्याकडे आंब्याची फळी स्वस्तात मिळते, पण कीड लवकर लागते. सागच घ्या.

रंधा_करवत: बरोबर. शेवटी जवसाचं तेल पातळ लावा. तेलाचं फडकं बोळा करून टाकू नका, आपोआप पेटू शकतं. बाहेर पसरून वाळवा, मगच फेका.