पारनेरच्या माळरानासाठी मेंढीची कोणती जात निवडावी?

माळकरी (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. पारनेर तालुक्यात आमची सात एकर जमीन असून त्यातील दीड एकराला विहिरीचे पाणी साधारण मार्चपर्यंत पुरते. उरलेल्या जमिनीत खरिपात बाजरी आणि मूग घेतो, आणि परतीचा पाऊस बरा झाला तर रब्बीत ज्वारी होते. गावाला लागून मुरमाड माळ आणि थोडे गायरान आहे, मात्र दिवाळीनंतर तिथे कुसळाशिवाय फारसे काही उरत नाही. वडिलांना जनावरांची सवय आहे आणि दिवसभर चारायला नेण्याची त्यांची तयारी आहे. म्हणून 25 ते 30 मेंढ्या आणि एक नर अशी सुरुवात करण्याचा विचार आहे.

अडचण जातीची आहे. जुनी माणसे दख्खनीच घ्या म्हणतात. 2020 साली आटपाडीत एका माडग्याळ मेंढ्याला 70 लाखांची बोली लागल्याची बातमी आल्यापासून आमच्याकडील तरुण माडग्याळशिवाय दुसरे नाव घेत नाहीत. फलटणच्या नारी सुवर्णा या जातीला जुळी होतात असे वाचले आहे, आणि एक व्यापारी बन्नूर संकराचा कळप स्वस्तात देतो म्हणून मागे लागला आहे. विक्री मुख्यतः मांसासाठी होईल. लोकरीचा विचार करावा की नाही, आणि एकाच कळपात दोन जाती ठेवता येतील का, हेही कृपया सांगावे.

वाघर

तुम्ही दिलेल्या माहितीत सर्वांत महत्त्वाचे वाक्य दिवाळीनंतरच्या माळाविषयीचे आहे. जून ते ऑक्टोबर या काळात कोणतीही मेंढी तुमच्या माळावर बरी दिसेल. डिसेंबर ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत ती काय खाऊन उभी राहणार, यावर जात ठरते. या काळात कळप ज्वारी-बाजरीच्या धसकटांवर, काढणीनंतर रानात पडलेल्या कांद्याच्या पातीवर, बाभळीच्या शेंगांवर आणि बांधावरच्या पाल्यावर जगतो आणि त्यासाठी त्याला रोज मैलोन्‌मैल चालावे लागते. दख्खनी मेंढी हे सर्व निभावते. उन्हाळ्यात ती वाळते, पण पाऊस पडून गवत उगवले की महिनाभरात पुन्हा अंग धरते. आपल्याकडचे धनगर पिढ्यान्‌पिढ्या तिच्यासह घाटाखाली कोकणापर्यंत जाऊन येतात, आणि त्या वाटेवर जी तग धरेना ती कळपातून आपोआप वजा होत गेली. हा काटकपणा असा तयार झाला आहे.

तिच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. मोठी मादी 25 ते 30 किलोंच्या आसपास भरते, एका वेताला बहुतेक वेळा एकच कोकरू होते आणि कोकराची वाढ माडग्याळच्या तुलनेत सावकाश असते. दोन वर्षांत तीन वेत घेता येतात असे सांगितले जाते. त्यासाठी वेळच्या वेळी खुराक द्यावा लागतो. नुसत्या चराईवर वर्षाला एक वेत धरूनच हिशेब करावा.

लोकरीचा प्रश्न थोडक्यात संपवतो. दख्खनीची लोकर बहुधा काळी आणि जाडीभरडी असते. ती घोंगडी आणि जेन (लोकरीचे जाड अंथरूण) यांनाच चालते, आणि त्या धंद्याला उतरती कळा लागल्यापासून कातरणीची मजुरीसुद्धा लोकरीतून सुटत नाही. तरीही वर्षातून दोनदा कातरणी करावीच लागेल. तुमच्या माळावर कुसळ आहे म्हणता, तर पावसाळा संपताना गवत पिकण्याच्या आधी कातरणी उरकून घ्या. वाढलेल्या लोकरीत अडकलेले कुसळ आत सरकत जाऊन कातडीला टोचते आणि जनावर चरणे सोडून अंग घासत बसते. लोकरीला उत्पन्नात धरू नका. त्यापेक्षा लेंडीखताला धरा, कारण शेतात मेंढ्या बसवण्यासाठी शेजारी स्वतः येऊन पैसे किंवा धान्य देतात.

माद्या तुमच्याच भागातल्या दख्खनी घ्या. दख्खनीचा संगमनेरी म्हणून ओळखला जाणारा प्रकार तुमच्या हवामानाचाच आहे. सुधारणा करायची असेल तर ती नराच्या बाजूने करा. तीस माद्या बदलणे महाग पडते, एक नर बदलणे परवडते.

जतकर

वरील उत्तराशी मी बराचसा सहमत आहे, परंतु माडग्याळला केवळ शोभेचे जनावर ठरवून बाजूला सारू नये. माडग्याळ हे आमच्या जत तालुक्यातले गाव आहे आणि जतचा दुष्काळ पारनेरपेक्षा सौम्य आहे असे कोणी म्हणणार नाही. उंच बांधा, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके आणि पोपटाच्या चोचीसारखे बाकदार नाक ही तिची ओळख. अंगावर लोकर नावापुरतीच असल्यामुळे कातरणीचा खर्च जवळजवळ नाही आणि कुसळाचा त्रासही कमी. तीन महिन्यांचे माडग्याळ कोकरू त्याच वयाच्या दख्खनी कोकराशेजारी उभे केले तर वजनाचा काटा लागत नाही, फरक डोळ्यांनाच दिसतो. मांसासाठी विकणाऱ्याला हा फरक लहान नाही.

मात्र ही वाढ कुठून येते तेही पाहावे. आमच्याकडे चांगले माडग्याळ पाळणारा माणूस सकाळ-संध्याकाळ मक्याचा भरडा, तुरीचे भूस आणि पेंड घालतो, आणि निवडलेल्या नर कोकराला आईखेरीज दुसऱ्या मेंढीचे किंवा शेळीचे दूधही पाजतो. हे सगळे काढून घेतले आणि तीच मेंढी मार्चच्या माळावर सोडली, तर ती दख्खनीपेक्षा लवकर खंगते, कारण मोठ्या देहाला खायलाही जास्त लागते. लाखांच्या बोलीचे म्हणाल तर तो पैदाशीच्या नराच्या हौसेचा बाजार आहे. नाकाच्या बाकावर आणि उंचीवर तिथे किंमत ठरते. लोणंदच्या किंवा चाकणच्या बाजारात खाटीक मेंढ्याच्या पाठीवर आणि फऱ्यावर हात फिरवून मांसाचा अंदाज घेतो. नाक किती बाकदार आहे यासाठी तो एक रुपयाही वाढवून देत नाही.

माझे मत असे की, खुराक देण्याची तयारी असेल तर माडग्याळच्या पाच-सात माद्या वेगळ्या ठेवून पाहाव्यात. सगळा कळप माडग्याळचा करू नये. घेताना शक्यतो आईसह पिल्लू पाहा. नाव पैशाचे झाल्यापासून थोडेसे नाक वाकलेले कोणतेही संकरित जनावर बाजारात माडग्याळ म्हणून उभे केले जाते.

निवृत्त पशुवैद्य

जुळ्यांबद्दल लिहितो, कारण याच विषयात सर्वाधिक गैरसमज आढळतात. नारी सुवर्णा ही फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेली मेंढी आहे. पश्चिम बंगालमधील सुंदरबनात गरोळ नावाची अगदी लहानखुरी मेंढी आहे, जी बहुधा जुळी किंवा तिळी देते. या गुणामागे एकच जनुक आहे आणि त्याला फेकबी म्हणतात. संस्थेने हे जनुक गरोळमधून दख्खनीच्या रक्तात आणले आणि त्याच वेळी अंगाने लहान असण्याचा गरोळचा दोष पिढ्यांच्या निवडीतून मागे टाकला. या पैदाशीत बन्नूरचा आणि दुधासाठी प्रसिद्ध असलेल्या अवासीचाही उपयोग झाला आहे.

हे जनुक मादीच्या बीजांडकोशात काम करते. एका माजाला एकाऐवजी दोन किंवा अधिक बीजे सुटतात. त्यामुळे सुवर्णाचा नर आणून तुमच्या दख्खनी माद्यांना दाखवला म्हणून त्या माद्यांना जुळी होणार नाहीत. अनेकजण नर घेऊन जातात, पहिल्या वेताला एकेकच कोकरू आले की फसलो म्हणतात आणि नर विकून टाकतात. लाभ दिसतो तो त्या नराच्या मुलींमध्ये. नराकडे जनुकाच्या दोन्ही प्रती असतील तर त्याच्या प्रत्येक मुलीकडे एक प्रत हमखास येते. त्याच्याकडे एकच प्रत असेल तर सुमारे निम्म्या मुलींनाच ती मिळते. हे रक्ताच्या तपासणीवरून ठरते, दिसण्यावरून नव्हे, म्हणून तपासणीचा दाखला असलेलाच नर घ्यावा. आज नर सोडला तर पाच महिन्यांनी कोकरे, त्यातील माद्या वाढून माजावर येण्यास वर्ष-सव्वा वर्ष, आणि पुन्हा पाच महिने गाभण काळ, अशी पहिली जुळी दिसेपर्यंत दोन वर्षे जातात. एवढा धीर असेल तरच या वाटेने जावे.

आता जुळ्यांची दुसरी बाजू. दोन कोकरांना जन्म देणाऱ्या मेंढीला गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात खुराक मिळाला नाही, तर कोकरे अशक्त जन्मतात, आईला दूध उतरत नाही आणि कधी आईच गाभणपणातील विषबाधेने जाते. रोज पाव ते अर्धा किलो मका भरडा, कोंडा व पेंड यांचे मिश्रण त्या काळात द्यावेच लागते. जन्मल्यानंतर तासाभरात दोन्ही कोकरांच्या पोटात चीक गेला पाहिजे. धनगरांच्या खांडात (कळपात) दहा-पाच शेळ्या असतात त्यामागे हेही एक कारण आहे, कारण दूध कमी पडलेल्या कोकराला शेळीला लावता येते. तुम्हीही दोन दुभत्या शेळ्या ठेवा. दोन्ही बाजूंनी जनुक मिळालेल्या माद्यांना तिळी होण्याचे प्रमाण वाढते आणि चराईच्या कळपात तिळी म्हणजे निव्वळ डोकेदुखी. म्हणून सुवर्णाच्या नरापासून झालेल्या मुलींना पुन्हा सुवर्णाचाच नर देऊ नये. त्यांना दख्खनी किंवा माडग्याळ नर द्यावा.

बन्नूरविषयी एवढेच की, कर्नाटकातील मंड्या भागातील ही मेंढी आखूड पायांची, ठासीव अंगाची आणि मांसाच्या प्रतीसाठी नावाजलेली आहे. परंतु वडील दिवसभर माळावर फिरवणार असतील तर आखूड पायांचा कळप घेऊ नका. शिवाय "संकर" म्हणजे कशाचा कशाशी, हे विकणाऱ्याला सांगता येत नसेल तर स्वस्ताईतच उत्तर मिळाले. डॉर्परसारख्या परदेशी रक्ताच्या जनावरांचे प्रस्तावही तुमच्यापर्यंत येतील. पावसाळ्याच्या अखेरीस चिलटांमुळे पसरणारा नीलजिव्हा (ब्लूटंग) हा रोग अशा जनावरांना देशी मेंढ्यांपेक्षा जास्त बाधतो, त्यामुळे तो विचार आताच नको.

माळकरी

आपल्या सर्वांचे आभार. माद्या जवळपासच्या दख्खनी घ्यायच्या हे आता पक्के केले आहे. नर सुवर्णाचा घ्यावा असा कल आहे, कारण विहिरीचे पाणी असेपर्यंत लसूणघास आणि मका करता येईल. माद्या निवडताना काय पाहावे आणि नर केव्हा आणावा? अनुदानाच्या योजनेसाठी थांबावे का, हाही प्रश्न घरात निघाला आहे.

वाघर

अनुदानाचे आधी सांगतो. राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत 20 माद्या आणि एक नर असा गट 75 टक्के अनुदानावर मिळतो, मात्र ती भटक्या जमाती-क प्रवर्गासाठी आहे. केंद्राच्या राष्ट्रीय पशुधन अभियानात निम्मे अनुदान आहे, पण तिथला सर्वांत लहान गटही 100 माद्या आणि 5 नरांचा असल्याने तुमच्या बेताला तो मोठा पडतो. पात्र असाल तर अर्ज करा, पण त्यासाठी हंगाम घालवू नका.

माद्या शक्यतो एखाद्या ओळखीच्या खांडातून एकगठ्ठा घ्याव्यात. बाजारात विक्रीला येणारी मादी पुष्कळदा मालकाने काही कारणाने काढलेली असते, कधी वांझ म्हणून, कधी सड गेला म्हणून, कधी पिल्लू टाकते म्हणून, आणि ते कारण आपल्याला कोणी सांगत नाही. दोन दाती आणि चार दाती, म्हणजे दोन किंवा चार कायमचे दात आलेल्या तरुण माद्या निवडा. जुळलेल्या तोंडाच्या, म्हणजे सगळे कायमचे दात आलेल्या वयस्क मादीपासून मिळणारी वेते कमी उरतात. कास हाताने चाचपून गाठ नाही ना ते पाहा, खूर उचलून बघा आणि डोळ्याची पापणी उलटवून आतला रंग तपासा. तो फिका असेल तर पोटात जंत आहेत. नवा कळप आल्यावर दोन-तीन आठवडे गावातल्या इतर मेंढ्यांपासून वेगळा ठेवावा. आंत्रविषार या आतड्याच्या रोगाची लस पावसाळ्यापूर्वी, तर पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) आणि देवीची लस जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याच्या वेळापत्रकाप्रमाणे टोचून घ्यावी.

निवृत्त पशुवैद्य

वरच्या उत्तराला दोन गोष्टी जोडतो. गाईंसाठी तयार केलेले खनिज मिश्रण किंवा कोंबडीखाद्य मेंढ्यांना घालू नका. त्यातील तांब्याचे प्रमाण मेंढीला सोसत नाही, ते यकृतात साठत जाते आणि चांगली दिसणारी मेंढी एकाएकी मरते. मेंढ्यांसाठीचे मिश्रण वेगळे मिळते.

नर एप्रिल-मेमध्ये आणून तुमच्या हवापाण्याला सरावू द्या आणि पहिल्या पावसानंतर, जून-जुलैत, कळपात सोडा. कोवळ्या गवतावर माद्यांचे अंग भरत असते, त्या वेळी त्या चांगल्या माजावर येतात आणि फळतात. 30 माद्यांना एक तरुण नर पुरतो. मेंढीचा माज साधारण 17 दिवसांनी परत येतो, म्हणून दीड महिना नर कळपात ठेवून नंतर वेगळा बांधला की वेतेही दीड महिन्याच्या आत उरकतात आणि कोकरांची निगा एकदमच होते. जुलैत फळलेली मेंढी डिसेंबरमध्ये विते. तेव्हा खरिपाची धसकटे हाताशी असतात आणि मार्चपर्यंत तुमच्या दीड एकरातला लसूणघास मिळतो, म्हणजे कोकरे दूध सोडेपर्यंत चारा पुरतो. पहिल्या वेतातील माद्या कोकरांच्या कानात बिल्ले घालून नोंद ठेवा आणि त्या माजावर येण्याआधी हा नर कळपातून बदला. त्या वेळी दख्खनी नर घ्यावा की माडग्याळ, हे तोपर्यंत दोन उन्हाळ्यांत तुमच्याकडे खुराक किती उरतो ते पाहून ठरवता येईल.