व्यापारी दाव्यांची वकिली: सुरुवात कुठून करू?

लातूरकर_वकील
सनद मिळून आठ महिने झाले. सिनिअरकडे काम बहुतेक वाटपाचं आणि चेक बाउन्सचं. मला कमर्शियल दाव्यांत उतरायचंय. वडिलांचं आडत दुकान आहे, पण मुंबईत ओळख नाही आणि इंग्रजी कच्चं आहे. पहिल्या वर्षी नेमकं काय शिकू?

ठाण्याची_वकील
आडत दुकानात वाढलात ही मोठी जमा आहे. रोजमेळ, खतावणी मला काहीच कळत नव्हतं. पहिलं वर्षभर दर शनिवारी एका सीएंच्या ऑफिसात बसून शिकले.

उपयोग कसा होतो सांगते. एका सूतवाल्याचे 42 लाख अडकले होते. प्रतिवादीचं म्हणणं, माल हलका निघाला. उलटतपासात मी सुताबद्दल एक शब्द विचारला नाही. त्याचीच जीएसटीची विवरणपत्रं पुढे ठेवली. "या सातही बिलांचं इनपुट क्रेडिट घेतलंत?" "हो." "माल परत केल्याची एक तरी डेबिट नोट?" तो थांबला, पाणी प्यायला, मग म्हणाला, "नाही." म्हणजे खरेदीवरच्या कराची वजावट घेतली, पण माल परत केल्याचा कागदच नाही. त्या दोन प्रश्नांसाठी दोन रात्री फाईल वाचली होती.

आणि तारखा सांभाळा. कमर्शियल दाव्यात समन्स लागल्यापासून 120 दिवसांत कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, गेली नाही तर कोर्टाला ती नंतर घेताच येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये हे पक्कं केलंय. मी ज्युनिअर होते त्या ऑफिसात एका अशिलाची कैफियत 131व्या दिवशी तयार झाली. तो बिचारा दर आठवड्याला येऊन विचारून जायचा. समोरच्या साक्षीदाराचा उलटतपास घेता आला, पण स्वतःची बाजू सांगणारा कागदच रेकॉर्डवर नव्हता. त्याचा चेहरा मी विसरलेले नाही. आजही समन्सची तारीख फाईलच्या पाठीवर लाल पेनाने मीच लिहिते, कारकुनाला सांगत नाही.

लातूरकर_वकील
मॅडम, मग मुंबईला यावंच लागेल का?

ठाण्याची_वकील
अजिबात नाही. कमर्शियल कोर्ट कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर 3 लाखांपासूनचा व्यापारी वाद कमर्शियल कोर्टात जातो, म्हणजे तुमच्याकडच्या डाळ मिलचासुद्धा. फक्त त्याच कायद्याचं कलम 12-अ विसरू नका: मनाई हुकमासारखा तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल तर आधी मध्यस्थी, नाहीतर वादपत्रच फेटाळलं जातं. मध्यस्थीतला काळ दावा लावायच्या मुदतीत धरत नाहीत, तेव्हा अशिलाला घाबरवू नका. इंग्रजीसाठी रोज एक निकाल मोठ्याने वाचा, मी तेच केलं.

पुणे_कॉर्पोरेट
मॅडमच्या म्हणण्यात एक भर. हल्ली निम्म्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर असतात. नुसते स्क्रीनशॉट जोडू नका. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश व्हॅल्यू (फाईल बदललेली नाही हे तपासायचा आकडे-अक्षरांचा ठसा) असते आणि तज्ज्ञाचीही सही. अशिलाला पहिल्याच भेटीत बजावा: हा फोन विकायचा नाही, बदलायचा नाही.

लातूरकर_वकील
आमच्या एका फाईलमध्ये नुसते स्क्रीनशॉटच आहेत. अशिलाला आत्ताच फोन करतो.